फेसाखालचे मासे

नोकरीत माझं मुख्य काम मासे मरताना बघणं हे होतं. नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं. तिथं ‘प्रयोगशाळा परिचर, प्राणिशास्त्र विभाग’ असं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस टेबलं पुसतो, बाटल्या धुतो आणि घंटा झाली की कुलूप लावतो. तेही मी केलं. पण धाराशिवच्या कॉलेजात माझ्या आयुष्याचा जो मोठा तुकडा गेला, तो काचेच्या टाक्यांसमोर स्टुलावर बसून, मांडीवर वही आणि मनगटावर घड्याळ घेऊन गेला. सोयऱ्यांत कुणी विचारलं की आमची मंडळी “कॉलेजला आहेत” एवढंच सांगायची. पुढचं सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

आमच्या विभागात एक मॅडम होत्या. औषधी झाडांतली द्रव्यं आणि गोड्या पाण्यातले जीव हा त्यांच्या संशोधनाचा विषय. गोडं पाणी म्हणजे नदी, तळं, विहीर. जिथं समुद्राचं खारं पाणी नाही ते. रिठा, गेळफळ, हिंगण, असली झाडं त्यांना लागायची. रिठ्यानं आपल्या आयाबहिणी केस धुतात. गेळफळ वैद्य लोक ओकारी काढायला देतात. हिंगणाच्या फळानं पूर्वी आमच्याकडं कपडे धुवायचे. मॅडम म्हणायच्या, “मामा, ही सगळी माणसाची औषधं. माशाला विचारलंय का कुणी?” अख्खं कॉलेज मला मामा म्हणायचं. माशाला विचारायचं काम मामाकडं आलं.

ते काम असं असतं. मासे आणायचे, बोटभर लांबीचे, सगळे साधारण सारखे. ते मी स्वतः धरून आणायचो, कारण आमच्या घराण्यात जाळं टाकणं लहानपणीच शिकतात, आणि खरं तर त्या एका गुणावरच मला नोकरी मिळाली. आणल्या आणल्या त्यांच्यावर प्रयोग करायचा नाही. पंधरा दिवस त्यांना टाकीत रुळू द्यायचं. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघडं ठेवायचं, म्हणजे ब्लिचिंग उडून जातं. खायला शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा. प्रयोगाच्या आदल्या दिवशी उपास. मग एका टाकीत दहा मासे आणि फळाच्या सालीचा अर्क थोडा, दुसरीत दहा मासे आणि अर्क जरा जास्त, असं चढत जायचं. एका टाकीत नुसतं पाणी आणि दहा मासे. ती साक्षीदार टाकी. तिला मॅडम ‘कंट्रोल’ म्हणायच्या. चार दिवस बघत राहायचं. कोण वर येऊन तोंड उघडतंय, कोण गोल फिरतंय, कोण कुशीवर पडलंय. मिनिटाला कल्ला किती वेळा उघडतो तेही मोजायचं. हलेना झाला तर काचेच्या कांडीनं हळूच शिवायचं. तरी कल्ला हलला नाही तर वहीत फुली मारायची आणि तो लगेच बाहेर काढायचा. मेलेला मासा पाण्यात राहिला तर जिवंतांचं पाणी नासतं.

रिठ्याचा फेस होतो तो ज्या द्रव्यामुळं, तेच माशाला भोवतं. माणसाच्या पोटातून ते रक्तात फारसं शिरत नाही. माशाचं तसं नाही. त्याचा कल्ला म्हणजे रक्तानं भरलेला कांद्याचा पापुद्रा. पाण्यातलं जे काही असेल ते थेट त्या पापुद्र्याला लागतं. तो पापुद्रा फाटला की मासा पाण्यात असून गुदमरतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी बघितलं.

या कामात नाना तऱ्हेची माणसं भेटली. एक संशोधक विद्यार्थी होता, त्याला शनिवारपर्यंत आकडे हवे होते. “मामा, दोन मासे कमी मेले असं लिहिलं तर चालतंय का?” मी म्हणालो, “माशांना विचारा.” तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. एक मुलगी टाकीतल्या माशांना नावं द्यायची. तिला मी समजावलं की नाव देऊ नको, वही भरता येणार नाही. तिनं ऐकलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी रडत घरी गेली.

माझीही एक चूक सांगायला हवी. एकदा साक्षीदार टाकीतले सगळे मासे मेले. नुसत्या पाण्यात मासे मेले म्हणजे सगळा प्रयोग वाया. मॅडमनी तीन दिवस औषधावर, सालीवर, उन्हावर संशय घेतला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सुट्टी संपवून आलेल्या दिवशी मी घाईत ताजं नळाचं पाणी ओतलं होतं, ब्लिचिंग उडू न देता. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून सांगितलं. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाल्या, “पुन्हा लावू.” मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निवृत्त झालो तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता मासा मरताना बघायचा नाही. बाजारातसुद्धा मी जिवंत मासे ठेवलेल्या परातीकडं जात नसे. पण निवृत्तीनंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात फोन आला.

“मामा, ओळखलं का? मी संगीता. दुसऱ्या वर्षाला व्हते, मागच्या बाकावर. मग लगीन झालं.”

ओळखलं होतं. बेडूक चिरायच्या तासाला हात न थरथरणारी एकटीच मुलगी ती.

“मामा, माझ्या तळ्यातले मासे मरायलेत. सगळे. दिरानं औषध टाकलंय.”

आमच्याकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडी औषध आलं की पिकावरचं की माणसावरचं, ते पुढच्या वाक्यावरनं कळतं.

“बघितलं का टाकताना?”

“बघायला कशाला पायजे? वाटणीत तळं माझ्याकडं आलं तवापासनं बोलत न्हाईत ते. काल सकाळी वांग्यावर फवारा मारला आन् पंप घेऊन तळ्याकडं आले. दुपारपासनं मासे वर याया लागले. मामा, अजून एक गोष्ट हाय. काल सांजच्याला मासे हातानं सापडायलते. आमी शेजारी चार घरी वाटले. आमी बी खाल्ले.”

कीटकनाशकानं मेलेले मासे कुणी खाल्ले असतील, तर तो विषय संशोधनाचा राहत नाही.

“खाल्लेल्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन जा,” मी सांगितलं. “कुणाला काही होत नसलं तरी. मी येतो.”

बेंबळीची गाडी धरली आणि तिथून रिक्षा केली. गावाचं नाव सांगत नाही. घडलं त्याची सगळ्यांनाच थोडी लाज वाटते, आणि लाज वाटणाऱ्यांची नावं छापू नयेत.

शेतात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शेततळं म्हणजे आपल्याकडं हल्ली सगळीकडं असतं तसं, चौकोनी खड्ड्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. उन्हाळ्यामुळं पाणी उतरून कमरेएवढं राहिलेलं. काठावर पोत्यांवर मासे मांडून ठेवले होते. रोहू, कटला, अर्ध्या किलोच्या आसपासचे. शेकड्यांनी असतील. दहा-बारा माणसं उभी होती. पोलीस पाटील वही घेऊन खुर्चीत बसले होते. आणि बाभळीखाली, सगळ्यांपासून बाजूला, एक तिशी-पस्तिशीचा माणूस गुडघ्यात मान घालून बसला होता. तो दीर, बालाजी. त्याच्या पुढ्यात फवारणीचा पंप होता. कुणीतरी पुरावा म्हणून आणून ठेवला होता.

संगीताचा नवरा पुण्याला कंपनीत होता. तिनं माझं दप्तर घेतलं आणि म्हणाली, “खाल्लेली सगळी माणसं टेम्पोनं दवाखान्यात गेलीत. सासूबाई तेवढ्या येईनात.”

सासूबाई खोपीत बाजेवर बसल्या होत्या. “मला काय बी झालं न्हाय,” त्या म्हणाल्या. “कालवण बरं झालतं.”

“तरी जाऊन या, आक्का,” मी म्हणालो. “मी डॉक्टर न्हाय. मी नुसता मास्यांचा माणूस हाय.” शेजारच्या एकानं त्यांना मोटारसायकलवर बसवून नेलं.

मग पोलीस पाटील म्हणाले, “मामा, तुमचं बघून झालं की सांगा. बाई म्हणतात लिहून घ्या. मी लिहायला बसलोय. पण ह्यो बाबा तर नाकारीनाच.”

मी बालाजीकडं गेलो. विचारलं, “काय झालं?”

त्यानं मान वर केली. डोळे लाल झालेले. “म्याच केलं असंल, मामा. पंप धुतला व्हता. कुठं धुतला ते नीट ध्यानात न्हाय. पाणी हिकडंच आलं असंल. मुद्दाम न्हाय केलं. पण माझ्याच हातनं झालं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बगा, कबूल करायलाय.”

आयुष्यात मी विद्यार्थ्यांना खोटे आकडे लिहिताना बघितलंय, पण न केलेलं कबूल करणारा माणूस ओळखायची मला सवय नव्हती. तेव्हा तो खरंच दोषी आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. एवढंच जाणवलं की हा माणूस खोटं बोलत नाही.

पोत्यावरचा एक मासा उचलला, कल्ल्यावरचं झाकण वर केलं आणि हात तिथंच थांबला. कल्ला फिका पडलेला, सुजलेला, त्यावर शेंबडासारखा जाड थर. कडेला रक्त झिरपून वाळलेलं. दुसरा उचलला. तसाच. पाचवा, सहावा, सगळे तसेच. एवढ्या वर्षांत असे कल्ले मी इतक्या वेळा बघितले होते की झोपेत विचारलं तरी चित्र काढून दाखवलं असतं.

पण कल्ल्यावर भरवसा ठेवून कुणाला निर्दोष म्हणायचं नसतं. मासे आणखी दोन-तीन कारणांनी मरतात. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. मग मासे पहाटे वर येतात आणि ऊन पडलं की सावरतात. इथं मात्र भर दुपारी सुरुवात झाली होती. राहिलं फवारणीचं औषध. मी काठावर उकिडवा बसलो आणि पाण्याकडं बघत राहिलो. लोकांना वाटलं, मामा दमले.

पाण्यावर लांब पायाचे निवळ्या किडे पळत होते. कागदाच्या कडेला पाणढेकूण वरखाली करत होते. एका काडीला चतुराचं पिल्लू चिकटलेलं, शिवलं तर निसटलं. सगळे जिवंत.

मी उठून पोलीस पाटलांना बोलावलं. “साहेब, हे काय आहे?”

“किडे.”

“वांग्यावर जे औषध मारतात ते कशासाठी असतं?”

“किडे मारायला.”

“मग मासे मेले आणि किडे कसे राहिले?”

पाटलांनी वाकून किडे बघितले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

काचेच्या बाटलीत तळ्याचं पाणी घेतलं आणि जोरात हलवलं. वर फेस आला. साध्या पाण्याचा फेस बसतो, मासे नासलेल्या पाण्याचाही थोड्या वेळानं विरतो. हा बसेना. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घरं घरं करून उभा राहिला. झाकण काढून वास घेतला. आंबूस, आणि त्याखाली एक जुना ओळखीचा वास. मी मॅडमना फोन लावला. त्या आता लातूरला मुलाकडं असतात. सगळं सांगितलं.

“कल्ले बघितले?” त्यांनी विचारलं.

“बघितले.”

“किडे?”

“जिवंत आहेत.”

“फेस?”

“बसत नाही.”

“मग मला कशाला फोन केलात, मामा?” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे एकमेव प्रमाणपत्र.

फोन ठेवून मी संगीताला बाजूला घेतलं. “इकडं कुठं रिठा आहे का?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. तिचा हात तोंडाकडं गेला. मग तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पत्र्याच्या शेडकडं तिनं बोट दाखवलं.

बचत गटातल्या बायका मिळून तिथं केस धुवायचं द्रव करायच्या. रिठा, शिकेकाई, आवळा. त्या महिन्यात मोठी मागणी आली होती, म्हणून दोन मोठाली टिपाडं भरून रिठा उकळून ठेवला होता. बाटल्या यायला उशीर झाला. उन्हात सगळा अर्क आंबला. गटातल्या बायकांना काय सांगायचं म्हणून संगीतानं आदल्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत दोन्ही टिपाडं ओतून दिली. पाण्याच्या चारीतनं तळ्यात.

“तळ्यात का?” मी विचारलं.

“एवढं पाणी वाया कसं जाऊ द्यायचं, मामा?” ती म्हणाली. “उन्हाळा हाय. म्हणलं, तळ्यात मिसळंल, मग ठिबकनं लिंबोणीला जाईल. नुसता रिठा तर हाय. माझ्या लेकीचं डोकं त्यानंच धुते मी.”

तिची चूक मला परकी वाटली नाही. आमच्या भागात पाणी ओतून देणं अंगावर येतं. आणि झाडपाल्याचं म्हटल्यावर संशय कुणाला येणार?

मला वाटलं होतं, हे ती मला एकट्याला सांगेल आणि बाकीच्यांसमोर काहीतरी मोघम बोलेल. तसं झालं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. पण ती सरळ लोकांत गेली. बाभळीखाली बालाजीसमोर उभी राहिली.

“भावजी, तुमचं काय न्हाय. माझ्या हातानं झालं.” मग पोलीस पाटलांकडं वळून म्हणाली, “काका, लिहिलेलं फाडा. टिपाडं म्या ओतली.”

बालाजी तिच्याकडं बघत होता, पण त्याला ते पटेना. लोकांनाही पटेना. एक म्हातारा म्हणाला, “रिठ्यानं कुठं मासे मरत्यात? आमची म्हातारी जलमभर रिठ्यानं न्हाती.” दुसरा म्हणाला, “वैनी दिराला वाचवायलीय.” आता गंमत बघा, तासाभरापूर्वी ती त्याला पोलिसात देत होती.

“दाखवतो,” मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर जीव थोडा थोडा झाला. दाखवायचं म्हणजे पुन्हा तेच करायचं.

बालाजीच्या विहिरीतनं सहा लहान मासे धरले. दोन बादल्यांत त्याच विहिरीचं पाणी घेतलं. एका बादलीत शेडमधला रिठा कुस्करून ते पाणी गाळून ओतलं. दुसरीत काही नाही. तीन तीन मासे सोडले. उन्हातनं बादल्या सावलीला घेतल्या आणि सगळे भोवती बसले. पोलीस पाटील खुर्ची सोडून मातीत बसले.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. म्हातारा म्हणाला, “पोहायलेत की.” मग रिठ्याच्या बादलीतला एक मासा वर आला आणि तोंड उघडून हवा घ्यायला लागला. दुसराही आला. कल्ले भराभर चालायला लागले. सवयीनं मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मोजायला लागलो. भान आल्यावर मोजणं थांबवलं. तिसरा कुशीवर कलंडला, सरळ झाला, पुन्हा कलंडला. शेजारच्या बादलीतले तिघं तळाशी स्वस्थ होते.

“बास झालं,” बालाजी म्हणाला. “काढा त्यांला.”

दिवसभरात तो स्वतःहून बोलला ते एवढंच. मी तिन्ही मासे हातानं काढून तिसऱ्या बादलीत ताज्या पाण्यात टाकले. त्यातला एक पंधरा मिनिटांत सरळ झाला. दुसऱ्याला अर्धा तास लागला. तिसरा नाही वाचला. बालाजीनं उरलेले पाच परत विहिरीत नेऊन सोडले. त्यासाठी तो विहिरीच्या पायऱ्या उतरून अगदी पाण्यापर्यंत गेला. वरून ओतले असते तरी चाललं असतं.

तेवढ्यात दवाखान्यातनं फोन आला. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं होतं, सलाइनची गरज कुणाला नव्हती, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवून सोडणार होते. सासूबाईंनी तिथंही कालवण बरं झाल्याचं सांगितलं होतं. संगीता फोन कानाला धरूनच खाली बसली. मला आधी वाटलं, तिला चक्कर आली. ती रडत होती, पण घाबरून रडतात तसं नव्हे. खांद्यावरचं ओझं उतरवल्यावर माणूस क्षणभर वाकलेलाच राहतो, तशी. मीसुद्धा त्या वेळी बाभळीला टेकून उभा राहिलो. एवढ्या लोकांत मी ठामपणानं बोललो होतो, पण आतून प्रत्येक क्षणी वाटत होतं, की आपण चुकलो असलो तर चार घरची माणसं आणि बालाजी, दोन्ही आपल्या माथी.

जाताना सांगून आलो. मेलेले मासे लांब खड्ड्यात पुरा. ते पाणी जनावरांना पाजू नका, झाडांना हळूहळू द्या. रिठ्याचं द्रव्य ऊन आणि पाण्यातले सूक्ष्म जीव मिळून मोडून टाकतात, त्याला तीन-चार आठवडे द्या. घाईनं मासे सोडू नका. आणि शेडच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा करा, तळ्याच्या खालच्या अंगाला.

पावसाळ्यात तळं भरल्यावर संगीतानं पुन्हा बोलावलं. मासे सोडण्याआधी तळ्यात बांबूला जाळीची पिशवी बांधतात, तिला हापा म्हणतात. त्यात थोडी पिल्लं एक दिवस ठेवून बघायची. ती मी आदल्या दिवशी येऊन बांधली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पोचलो तेव्हा बालाजी आणि संगीता दोघं आधीच काठावर होती. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं, पण काठ एकच होता. हापा वर घेतला. सगळी पिल्लं फडफडत होती.

मग मत्स्यबीजाच्या पिशव्या आल्या, हवा भरून फुगवलेल्या. बालाजी पाण्यात उतरला. पिशव्या आधी तळ्यावर तरंगत ठेवायच्या असतात, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होतं. वाट बघायला वेळ होता.

“मामा,” तो म्हणाला, “पंप म्या बांधाच्या पल्याड धुतला व्हता. नंतर आठवलं. तळ्याकडं रिकामाच घेऊन आलो व्हतो, तोंड धुवायला.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?”

“सगळी बगायलती माझ्याकडं. वैनी वरडायलती. मलाच वाटाया लागलं की म्याच केलं.”

संगीता काठावर उभी होती. तिनं ऐकलं. खाली उतरली, साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात त्याच्या शेजारी जाऊन पिशवीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तोंड सोडलं. पिल्लं आधी बाहेर येईनात, मग एकदम सगळी निघाली.

तळ्याचं काम आता बालाजी बघतो, शेडचं संगीता. हे त्यांनी माझ्यासमोर ठरवलं नाही, मला नंतर फोनवर कळलं. दिवाळीच्या आधी तिनं मला त्यांच्या द्रवाची एक बाटली पाठवली. लेबलावर झाडांची नावं होती, कसं वापरायचं ते होतं, आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात एक नवी ओळ होती: ‘वापरलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नका. मासे मरतात.’

मी फोन करून विचारलं, “गटातल्या बायकांना चाललं का हे?”

“न्हाय म्हणत व्हत्या. गिऱ्हाईक बिचकंल म्हणल्या.”

“मग?”

“म्या म्हणलं, बिचकू द्या.”

मला पुरतं टक्कल आहे. बाटली ठेवून घेतली.